हवालदारकाकांचा हात

सहा फुटी देह, मिशांना पीळ, सारी नोकरी तोफखान्यात झालेली. आणि हा माणूस देवळाली कॅम्पातल्या आमच्या गल्लीतल्या समस्त बायकांच्या सुया ओवून द्यायचा. कुणी दारातून सुई-दोरा पुढे केला की हवालदारकाका श्वास रोखत आणि एका फटक्यात दोरा पार करत. "हात गप्प, तर काम फत्ते! आमचा हात हलला असता ना, तर गोळा थेट नाशिकरोडच्या फलाटावर!" असं प्रत्येकीला ऐकवल्याशिवाय सुई परत मिळत नसे.

आमच्या बाबांसाठी ते काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन दोन्ही अंगणं ओलांडून यायचे. आल्यावर बशी तिरकी करून दाखवायची, थेंब सांडलेला नाही म्हणून. बाबा म्हणत, "अहो, तुमच्या परेडपायी माझा चहा निवतो." त्यावर काका असे काही हसत की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागे.

पुढे कप अर्धाच भरून यायला लागला. मग यायचाच बंद झाला. सुई पुढे केली की "चष्म्याचा नंबर वाढलाय, पोरी" म्हणायचे. भर चैत्रात स्वेटर, आणि उजवा हात त्याच्या खिशात. एकदा फाटकापाशी मला अडवून म्हणाले, "काकूला काय बोलू नको हां. तिला बीपी हाय, घाबरंल." आणि त्याच आठवड्यात नळावर काकू म्हणाल्या, "मला समदं दिसतंय गं. पण त्यांनी सांगितल्याबिगर इचारू कशी? मोडून जातील." इकडे आड, तिकडे विहीर! दोघांनाही मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

त्या दिवाळीत दादा अमेरिकेहून खेळाचं मशीन घेऊन आला. टीव्हीला जोडायचं, पांढरा रिमोट हातात धरायचा, आणि आपण हात फिरवला की पडद्यावरची बाहुलीही तसाच फिरवणार. ना वायर, ना काही. टेनिस खेळताना बाबांनी कंदिलाची झिरमिळी तोडली. काका-काकू फराळाला आले तेव्हा दादा नेमबाजीचा खेळ लावून बसला होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! "काका, हे तर तुमचंच काम," म्हणत त्याने त्यांच्या उजव्या मनगटात रिमोटचा पट्टा अडकवलासुद्धा.

पडद्यावर नेम धरायचं वर्तुळ आलं आणि थरथरायला लागलं. इतके महिने खिशात लपवलेलं ते आता पापडाएवढं होऊन सगळ्यांसमोर टीव्हीवर नाचत होतं.

"मशीन बिघडलंय वाटतं बाई," काकू सगळ्यांच्या आधी म्हणाल्या.

"सेल उतरले असतील," दादा पुटपुटला. एव्हाना त्यालाही कळलं होतं. त्याने नवे सेल घातले. वर्तुळ थरथरतच राहिलं.

काकांनी पट्टा सोडवून रिमोट माझ्याकडे दिला. "तू धर."

मी धरला. वर्तुळ जागच्या जागी थांबलं. मेलं थांबायला नको होतं! मी घाईघाईने मनगट हलवलं. "बघा काका, माझ्याकडेही हलतंय."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. उभी हयात जवानांना नेम शिकवलेला माणूस तो; त्याला मी काय फसवणार?

"असं नाय हलत, पोरी," ते हळूच म्हणाले आणि माझा हात आवरायला त्यांनी वरून आपला हात ठेवला. वर्तुळ पुन्हा थरथरू लागलं. काकू उठल्या. त्यांनी आमच्या दोघांच्या हातांवर आपला हात घट्ट दाबून धरला. मीही जोर लावला. तिघांची ताकद लागली तरी ते वर्तुळ थांबेना.

"ऱ्हाऊ द्या आता," काकू म्हणाल्या.

काकांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"ऱ्हात नाय गं," ते म्हणाले.