जाहिरात लागली की बोलायचं

पानिपतला हातमागाच्या एका शेडमध्ये मी एका बाईंसमोर फोन ठेवून बसले होते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी विणकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. त्या बाई आपल्या सुनेबद्दल काही सांगत होत्या, फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं, तेवढ्यात फोन वाजला आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटलं. काका होते, माझ्या आत्याचे यजमान. ते मला कधी फोन करत नाहीत. काही निरोप असला तर आत्याला सांगतात आणि ती करते. "तू घरी ये," एवढंच म्हणाले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "बेटा, तू पहले आ जा." काका घरच्यांशी हिंदी बोलत नाहीत. ते वाक्य ऐकलं आणि मी त्या बाईंसमोरून उठले. बसमध्ये कुणालाच काही विचारलं नाही. दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या क्वार्टरच्या जिन्यात खालच्या पायरीपासून चपला दिसल्या… सकाळी अकराच्या सुमारास आत्या ओट्याजवळ पडली होती आणि हॉस्पिटलला पोचण्याआधीच गेली होती.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी लेखिका नाही, बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण आत्याबद्दल मी याआधी दोनदा लोकांसमोर बोलले आहे आणि दोन्ही वेळा खोटं बोलले आहे. म्हणून तिसऱ्यांदा लिहून बघते.

माझे वडील वाशिमला बसस्टँडबाहेर सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. आत्या सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन दिल्लीला आली, कारण काका इथे केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क होते. मी बारावी झाले तेव्हा वडील म्हणाले, बास झालं. आत्याने फोन केला, "दादा, पोरीला माझ्याकडे पाठव. खोली नाही, पण बाल्कनी बंद करून घेतलीय. त्यात खाट बसते, मी मोजून बघितलंय." वडिलांनी नाही म्हणायच्या आत तिने गाडीचं तिकीट कुणाकडून तरी काढून घेतलं होतं. त्या बंद बाल्कनीत मी अडीच वर्षं राहते आहे. हे लिहितेय तेही तिथेच बसून.

संध्याकाळी साडेसात ते नऊ टीव्ही आत्याचा. ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायची, तिथून गॅसही दिसायचा आणि टीव्हीही. मांडीवर रिमोट, त्याला प्लास्टिकचं कव्हर. तिचा एक नियम होता. मालिका चालू असताना कुणी बोलायचं नाही. जाहिरात लागली की ती म्यूट करायची, आणि मग बोलायचं. मी सुरुवातीला विचारलं होतं, असं का? ती म्हणाली, "आधी त्यांना बोलू द्यावं. पूर्ण ऐकलं नाही तर नावं ठेवायचा हक्क नाही." आणि मग ती नावं ठेवायची. मोठ्या बंगल्यातल्या मालिकेत एकदा वीस जणांची पंगत बसली. म्यूट झाल्या झाल्या आत्या म्हणाली, "वीस ताटं, चाळीस वाट्या. घासल्या कुणी? तीन वर्षं बघतेय, या घरात सिंक दिसला नाही मला." त्या घरातला थोरला मुलगा कायम हातात फाईल घेऊन जिन्यावरून उतरायचा. ती म्हणायची, "फाईल उघडलेली एकदा तरी दाखवा. तुझ्या काकांचे जुने साहेब असेच होते, बिल्कुल असेच." काका पेपरमागून हसायचे. लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेवर तिचा राग होता, "पोराला गायला दोन मिनिटं आणि रडायला पाच." बातम्यांमधल्या चर्चेत सहा माणसं एकदम ओरडत असली की ती चॅनेल बदलायची. "सहा बोलायला ठेवले, यार, एक तरी ऐकायला ठेवायचा."

एका मालिकेतल्या एका मुलीवर तिचं बारीक लक्ष होतं. ती मुलगी सासरी आल्यावर कॉलेज सोडते. घरात सगळ्यांचं भलं करते, आजारी सासऱ्यांना वाचवते, चोर पकडते, पण कॉलेजचं कुणी नाव काढत नाही. आत्याला ते फार लागायचं. "हिची परीक्षा राहिलीय, ते लिहिणारा विसरला," असं ती दर दोन-चार दिवसांनी म्हणायची. आणि प्रत्येक मताच्या शेवटी माझ्याकडे बघून विचारायची, "तुला काय वाटतं गं?"

हे विचारणं तेव्हा मला साधं वाटायचं. आमच्या वाशिमच्या घरात मला कुणी कधी कशावर असं विचारलं नव्हतं, हेही तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक पेपर होता, टीव्ही आणि समाज असा काहीतरी. आपल्या ओळखीच्या एका प्रेक्षकाचा अभ्यास करून वर्गात मांडायचा होता. माझं इंग्रजी कच्चं. वर्गातली मुलं-मुली चांगली होती, पण दीड वर्षात त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं आणि मीही कधी बोलले नव्हते. मला वाटलं, माझ्याकडे घरातच विषय आहे. मी आत्याशेजारी फोन ठेवून दोन आठवडे तिची मतं रेकॉर्ड केली. तिला सांगितलं होतं, कॉलेजसाठी आहे. ती त्या दिवसांत पदर नीट करून स्टुलावर बसायची. फोनवर तिचा चेहरा येणार नाही, हे मी तिला सांगितलं, तरी.

वर्गात मी पहिली क्लिप लावली, सिंकची, आणि तिचा इंग्रजीत अर्थ सांगितला. वर्ग हसला. मला आधी कळलंच नाही काय झालं… मग कळलं की मी बोलतेय आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. दुसऱ्या क्लिपला आणखी हसले. तिसऱ्या वेळी मी क्लिप लावलीच नाही, मीच आत्यासारखा आवाज काढला. मान तशी हलवली. फाईलचं वाक्य मी तिच्यापेक्षा जास्त रंगवून म्हटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली होती आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. शेवटच्या स्लाईडवर निष्कर्ष लिहायचा होता. पुस्तकात लिहिलं होतं की घरात बसून मालिका बघणाऱ्या बायका दाखवलेलं सगळं प्रश्न न विचारता स्वीकारतात. मी तेच उतरवलं. सतरा क्लिप्स, प्रत्येकीत ती प्रश्न विचारतेय, आणि खाली मी लिहिलं की ती प्रश्न विचारत नाही. शिक्षकांच्याही ते लक्षात आलं नाही. मला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. आणि मी तो घरी आणून आत्याला दाखवला. मी स्वतः दाखवला. मला खरंच वाटलं होतं की तिला आनंद होईल, तिचा आवाज दिल्लीच्या कॉलेजात गेला म्हणून. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि पूर्ण व्हिडिओ एकही शब्द न बोलता बघितला, मालिका बघायची तसा. तिला इंग्रजी येत नव्हतं. संपल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला.

"कुठे कुठे हसले ते कळलं मला," ती म्हणाली. "का हसले ते सांग."

मी म्हटलं, तू मजेशीर बोलतेस म्हणून.

"आणि शेवटी ते पांढऱ्यावर काय लिहिलंय?"

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण तेवढं सुचलं नाही. अडखळत सांगितलं की, असं लिहिलंय, घरातल्या बायका जे दाखवतील ते मान्य करतात.

"मी केलं का मान्य?"

"नाही… पण पुस्तकात तसं आहे, आत्या."

"अच्छा," ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती रोजच्यासारखी स्टुलावर बसली. जाहिरात लागली. तिने म्यूट केलं नाही. साबणाची, मग मसाल्याची, मग गाडीची, सगळ्या जाहिराती पूर्ण आवाजात वाजल्या. काकांनी पेपर खाली करून तिच्याकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती. मला वाटलं, आजचा दिवस असेल. पण ती संध्याकाळ आणि आत्या गेली तो दिवस, यांच्यामध्ये सात महिने होते आणि त्या सात महिन्यांत तिने एकदाही म्यूटचं बटण दाबलं नाही. माझ्यावर ती रागावली नव्हती. डबा वेळेवर मिळायचा, ताप आला तेव्हा रात्रभर जागली, वडिलांना फोनवर माझं कौतुक सांगायची. फक्त मत द्यायची नाही. मी एकदा जाहिरातीच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, आत्या, ही नवी जाऊ कशी वाटते तुला? ती म्हणाली, "चांगली आहे." परत विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं."

ऑगस्टमध्ये कॉलेजात एका विदुषींचं व्याख्यान झालं. त्या म्हणाल्या की या मालिकांमध्ये घरकाम करणारी बाई मध्यभागी असते, पण घरकाम कुठेच दिसत नाही. सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि वहीत ते वाक्य लिहून खाली रेघ मारली. रेघ मारताना हात थांबला. सिंक दिसला नाही मला. तेच वाक्य होतं. सहा महिन्यांपूर्वी याच इमारतीत त्याच वाक्यावर लोक लोटपोट झाले होते आणि मी त्यांना हसवत होते. घरी आले तेव्हा आत्या गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, चार शेंगा मोडल्या. सांगायचं होतं की, तू म्हणालीस ते बरोबर होतं, आज एक मोठ्या बाई तेच म्हणाल्या. पण ते सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं, म्हणजे मी काय केलं ते, पुस्तकाच्या मागे न लपता. मला वाटलं, दिवाळीच्या सुट्टीत निवांत सांगू. दिवाळी यायच्या आत ती गेली.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. काकांच्या ऑफिसातले लोक, शेजारचं तमिळ कुटुंब, वाशिमहून माझे वडील. बुद्धवंदना झाल्यावर कुणीतरी म्हणालं, पोरगी कॉलेजात शिकते, तिने दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. म्हटलं, आत्या साधी होती, प्रेमळ होती, तिला मालिका बघायला फार आवडायच्या. लोकांच्या तोंडावर हलकंसं हसू आलं. मी खाली बसले. वडील डोळे पुसत होते आणि मला म्हणाले, छान बोललीस. मला त्या सतरंजीत तोंड खुपसावंसं वाटलं.

त्या सतरा क्लिप्स माझ्या फोनमध्ये अजून आहेत, पूर्ण, न कापलेल्या. परवा पहिल्यांदा ऐकल्या. जाहिरातीत टीव्ही म्यूट असायचा, त्यामुळे आत्याचा आवाज अगदी स्वच्छ आलाय. मागे फक्त स्वयंपाकघरातला एक्झॉस्टचा पंखा आणि कधीतरी कुकरची शिट्टी. वर्गासाठी कापताना मी प्रत्येक क्लिपचं शेपूट काढून टाकलं होतं, कारण तिथे ती मला विचारते, तुला काय वाटतं गं? ते कामाचं नव्हतं. आता सतराही वेळा ऐकलं. सतराही वेळा माझं उत्तर एकच आहे, "हं." मी फोनकडे बघत होते, रेकॉर्डिंग नीट होतंय ना, एवढंच बघत होते. एका क्लिपमध्ये ती वाट बघते. पाच-सहा सेकंद नुसता पंखा ऐकू येतो. मग ती म्हणते, "बरं." आणि टीव्हीचा आवाज परत येतो.

काका आता साडेसातला टीव्ही लावतात. आधी कधी लक्ष देऊन बघत नव्हते, आता बघतात. स्टूल तिथेच दारात आहे, त्यावर कुणी बसत नाही. रिमोटच्या कव्हरवर म्यूटच्या जागी प्लास्टिक पांढरं पडलंय, बाकी सगळीकडे ते पारदर्शक आहे. गेल्या आठवड्यात त्या मालिकेतली मुलगी कॉलेजात परत गेली. आत्याने दोन वर्षं वाट बघितली होती… भाग संपत आला आणि जाहिरात लागली. मी काकांच्या हातातून रिमोट घेतला आणि त्या पांढऱ्या डागावर अंगठा ठेवून दाबलं. पडद्यावर एक बाई आवाजाशिवाय फरशी पुसायला लागली. घर इतकं शांत झालं की काकांनी माझ्याकडे वळून बघितलं.

मी म्हटलं, "काका, परत गेली ती. पण परीक्षा बुडाली त्याचं कुणी काहीच बोललं नाही. आणि पुस्तक कोरं आहे, एक पान दुमडलेलं नाही. मला नाही पटलं."

काका "अच्छा," म्हणाले आणि रिमोटसाठी हात पुढे केला. जाहिराती संपल्या होत्या.