बीळ नसलेलं मुंगूस

लातूरला क्लास लावलेलं पोरगं आठवणी सांगायला बसलं म्हणलं की तुम्ही रुमाल काढून बसणार, मला माहितीय. पहाटेचा अलार्म, मेसची पातळ डाळ, भिंतीला चिकटवलेले फॉर्म्युले, आन् शेवटी मेरिटमध्ये आलेलं नाव. रुमाल ठेवा खिशात. ही गोष्ट एका मुंगसाची हाय. डाळ येईल मधी, कारण सगळा घोळ डाळ वाढतानाच झाला. मेरिटचं मात्र नाव काढू नका.

मुंगूस म्हणजे गेममधलं. मी लहान असताना आमच्या कंधारच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, मामानं दिलेला. त्याची पिवळी कॅसेट. चालू होईना की कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची, परत खुपसायची. फुंकरीनं काय व्हायचं ते विज्ञानाला अजून कळलं न्हाई, पण व्हायचं. मग पडद्यावर एक मुंगूस यायचं, गळ्यात लाल गमछा, आन् त्याच्या मागं काळा नाग. जगात मुंगूस नागाच्या मागं लागतंय, इथं उलटं. नाग जवळ आला की टीव्हीतून फुस्स असा आवाज यायचा आन् मी चादरीत.

मी कोणाचाबी आवाज काढतो. शाळेतले सर, भंगारवाला, एसटीचा कंडक्टर, लग्नातला माईकवाला, सगळे माझ्या गळ्यात राहतात. तो फुस्स मात्र मी आजवर काढला न्हाई. कोणी म्हणलं काढ, तर मी विषय बदलतो. भ्या वाटतं. आपण आवाज दिला आन् त्यानं खरंच ओ दिली तर?

गेम खेळायची आई. दुपारची भांडी झाली की पदर खोचून टीव्हीसमोर बसायची, मी मांडीवर. मुंगसानं उडी मारली की आई बसल्या जागी उडी मारायची, तिच्याबरोबर मीबी. नाग लई जवळ आला की म्हणायची, "झाक डोळे. कधी उघडायचे ते मी सांगते." ती सांगायची तवा मुंगूस बिळात गेलेलं असायचं. सगळ्यात शेवटी एक बीळ होतं त्या गेममध्ये. मुंगूस आत शिरलं की नागाचं थोबाड दगडावर आपटायचं, आन् वरातीसारखं म्युझिक वाजायचं. आमच्या गल्लीत बिळापर्यंत पोचलेली एकच बाई, माझी आई.

तर यंदा, मी डॉक्टरकीची नीट परीक्षा रिपीट करून राहिलो तवा, बातमी आली की तेच मुंगूस आता मोबाईलवर येणार. मी नाव नोंदवून टाकलं. म्हणजे गेम निघाला की आपोआप फोनमध्ये उतरणार. अडचण एकच. आमच्या हॉस्टेलचे काका सगळ्यांचे फोन लोखंडी कपाटात कुलपात ठेवतात, फक्त रविवारी देतात. आन् मुंगूस येणार होतं बुधवारी.

रविवारी फोन हातात आल्या आल्या आधी आईला लावला.

"आई, मुंगूस येऊन राहिलंय. मोबाईलवर."

"कोणतं मुंगूस रे? … गमछावालं?"

"हाव. पण आता नुसतं पळायचं. संपतच न्हाई गेम."

"संपत न्हाई म्हणजे? बीळ कुठाय?"

"बीळच न्हाई ठेवलं."

"मग जातंय कुठं ते येडं?"

मी ट्रेलर पुन्हा पुन्हा पाहिलेला. त्यात नाग दिसतच न्हाई. आपण मुंगसाच्या पाठीमागून बघतो, रस्ता पुढं पुढं येत राहतो, आन् मधूनच रस्त्यावर एक सावली पडते, मोठी होत जाते. बस्स. म्हणजे नाग आपल्याबी मागं हाय. तो ट्रेलर बघून मी खरोखर मागं वळून पाहिलं होतं, तर मागं आमच्या रूममधला दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. येऊ दे येऊ दे म्हणत होतो आन् आतून वाटत होतं, नको येऊस बाबा.

"तुझा आवाज बारीक का येतोय?" मी आईला विचारलं.

"पोटात दुखतंय जरा. ओवा खाल्लाय. तू मुंगसाचं बघ."

मी मुंगसाचं बघितलं.

त्याच रात्री मेसमध्ये मी पप्पांचा कार्यक्रम केला. माझे पप्पा कंधारला तहसीलमध्ये क्लार्क हायत. त्यांची फोनवर बोलायची एक पद्धत हाय. आधी घसा खाकरतात, मग म्हणतात, "हां, जयभीम. कोण बोलून राहिलं?" फोन त्यांनीच लावलेला असतो, तरी. मी वाटी कानाला लावली, घसा खाकरला. "हां, जयभीम. कोण बोलून राहिलं? काका का? बुधवारी आमच्या पोराला मोबाईल द्या हो. घरात लई सीरियस हाय. मुंगूस येऊन राहिलंय." पोरं ताट वाजवून हसली. काका वाढायला उभे होते, तेबी हसले. म्हणले, "डिट्टो बापच उभा केला की रे."

मला लई भारी वाटलं.

बुधवारी सकाळी क्लासला बसलो, पण मन त्या कपाटात. मुंगूस आता उतरत असंल फोनमध्ये, अंधारात, कुलपाच्या आत. दुपारी जेवायला आलो. ताट घेऊन लाईनीत उभा राहिलो. काकांनी डाळीचा डाव माझ्या ताटावर धरला आन् तसाच ठेवला.

"काय कलाकार," काका म्हणले, "सकाळी फोन केलतास ना?"

"कोणाला?"

"मला रे. बापाच्या आवाजात. हां जयभीम, कोण बोलून राहिलं. म्हणे आईला दवाखान्यात नेऊन राहिलो, पोराला पाठवा. मी बी सांगितलं, बाळा, अभ्यास कर, मुंगूस रविवारी बघ. आन् दिला ठेवून. परत लावलास, तर मी उचललाच न्हाई."

सगळी लाईन हसली. माझा रूम पार्टनर, उदगीरचा, माझ्या मागंच उभा होता. त्यानं पाठीत थाप मारली. "क्या बात है यारा, आज तो हद कर दिया तू."

"मी न्हाई केला," मी म्हणलो.

अजून हसले.

"काका, खरंच. आईची शप्पथ. मी क्लासला होतो, माझ्याकडं फोन कुठाय?"

"आवाज बघ कसा कापवतोय," मागून एक जण. कोणी तरी ताट वाजवलं. मी जितकं खरं बोलून राहिलो तितकं ते हसून राहिले. मी कोणाच्याबी आवाजात बोलू शकतो, पण त्या वेळी माझ्या स्वतःच्या आवाजावर कोणाचा भरवसा बसंना. ताट हातातून वाकडं झालं, चपाती खाली पडली, मी उचलली न्हाई.

तवा काकांनी डाव पातेल्यात सोडला. माझ्या तोंडाकडं बघितलं. आन् किल्ल्या काढत कपाटाकडं गेले.

फोनची स्क्रीन चालू केली. सगळ्यात वर मुंगूस. गमछा उडवत, हात कमरेवर. 'चल, पळ!' त्याच्या खाली पप्पांचे मिस कॉल. त्याच्या खाली पप्पांचा मेसेज: आईला नांदेडला आणलं. डॉक्टर लेन. पोटाचं ऑपरेशन. ये.

मी फोन लावला. वाजला, उचलला न्हाई. परत लावला. न्हाई. काकांनी मला स्कूटरवर बस स्टँडला सोडलं. रस्त्यानं एकच वाक्य बोलले, "मी तुझ्या बापाला बाळा म्हणलो रे." नांदेडची गाडी लागलेलीच होती. गाडी हलली तरी ते खालीच उभे होते.

लातूर ते नांदेड तुम्ही गेला असाल तर तुम्हाला म्हाईत, लांब न्हाई. मला ते लांब झालं. चाकूरपर्यंत मी पप्पांना फोन लावत राहिलो. पुढं लावायचीच भीती वाटायला लागली. उचलला आन् काही तरी सांगितलं तर? न उचललेल्या फोनमध्ये आई अजून बरी असते. शेवटी हाताला काही तरी पाहिजे म्हणून मुंगसावर बोट ठेवलं.

पळायला लागलं ते. रस्ता येत राहिला, दगड, ओढा, बाभळीची झाडं. आवाज बंद केला, तो फुस्स ऐकायचा न्हाई म्हणून. दोनदा लगेच मेलं. तिसऱ्यांदा, अहमदपूर गेल्यावर, माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. आता हसू नका. हे पळतंय तवर आईला काही होत न्हाई. कोणी सांगितलं? कोणी न्हाई. पण एकदा डोक्यात आलं की ते खोडता येईना. मग मी पळवायला लागलो ते असं, की नीटचा पेपर तसा सोडवला असता तर आज ही गोष्ट सांगत नसतो. उडी आली की मी सीटवर उडी मारून राहिलो. शेजारी एक मावशी बसलेल्या, मांडीवर मेथीची पिशवी. त्या प्रत्येक उडीला पिशवी सावरायच्या.

सावली आली. रस्त्याच्या कडेनं आली आन् मुंगसाच्या पायाखाली सरकली. माझे डोळे झाकायला लागले, सवयीनं. पण कधी उघडायचे ते सांगायला कोणी नव्हतं. मी फाडून उघडे ठेवले.

तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या कडेला पट्टी आली. पप्पा.

फोन हातात थरथरायला लागला. मुंगूस पळत होतं. पट्टीला बोट लावायचं म्हणजे अंगठा रस्त्यावरून उचलायचा, आन् पुढं दगड.

"आरं, फोन हाय की," मावशी म्हणल्या. "पप्पा लिहिलंय. उचल."

मी मान हलवली.

"बापाचा फोन हाय रे, उचल की!"

"मावशी, मरंल ते."

"कोण मरंल?"

फोन वाजून वाजून थांबला. परत आला. परत पट्टी, परत थरथर. माझ्या कपाळावरचा घाम स्क्रीनवर पडला. मी अंगठा घासला, मुंगूस उजवीकडं जायचं ते डावीकडं गेलं. लोह्याच्या अलीकडं गाडीनं एक खड्डा घेतला, मावशींची मेथी माझ्या मांडीवर, आन् नागानं मुंगसाला उचललं. पडदा काळा झाला. कॉलबी कट झाला. 'पुन्हा पळायचं?' असं आलं खाली.

मी लावला फोन. लागला न्हाई. परत लावला. बंद. लोह्यापासून नांदेडपर्यंत मी फोन उलटा करून मांडीखाली ठेवला आन् त्याच्यावर बसून राहिलो. उतरताना मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं तर मी अजून घाबरलो.

डॉक्टर लेनमध्ये दिवे लागायला लागले होते. दवाखान्याच्या पायरीवर पप्पा उभे, हातात औषधाची पिशवी. मला बघून त्यांनी घसा खाकरला. ते खाकरणं मी हजार वेळा केलंय, लोकांना हसवलंय. तवा मला वाटलं, ह्यांनी आता पुढं बोलूच नये.

"हां," पप्पा म्हणले. "आलास."

मी पुढं होऊन औषधाची पिशवी हातात घेतली.

"वर हाय. झालं ऑपरेशन. अपेंडिक्स, फुटायला आलतं." मग त्यांचा आवाज चढला. "त्या तुझ्या काकानं मला बाळा म्हणलं! बाळा, अभ्यास कर म्हणतो! बायको गाडीत लोळून राहिलीय आन् मला अभ्यास कर! फोन कट केला माझा. काय काय नाटकं करतोस रे तू तिथं माझ्या नावानं?"

मी पायऱ्या चढत वर पळालो.

आई पडलेली. ओठ सुकलेले, त्यावर ओला कापूस फिरवलेला. डोळे उघडे. मला बघितलं आन् पहिलं वाक्य:

"फोन का न्हाई उचललास?"

"आई, ते…"

"मला आत नेत होते. मी ह्यांना म्हणलं, एकदा त्याचा आवाज ऐकू द्या, मग न्या. दोनदा लावला ह्यांनी. नर्स थांबली माझ्यासाठी. वाजून वाजून बंद. बॅटरीबी गेली ह्यांची. मी तशीच गेले आत. कुठं होतास?"

आईसमोर मला दुसऱ्या कोणाचा आवाज काढता येत न्हाई. मी सांगितलं. की मुंगूस पळत होतं. की मला वाटलं, ते पळतंय तवर तुला काही व्हायचं न्हाई. म्हणून अंगठा उचलला न्हाई.

आईनं विचारलं, "कुठवर पळालं?"

"लोह्यापर्यंत."

तिचं पोट हललं, आन् तिनं दोन्ही हातांनी ते धरलं. "आगं आई गं… हसवू नको मुडद्या, टाके हायत!" डोळ्यातून पाणी आलं तिच्या, दुखण्याचं का हसण्याचं ते मला कळलं न्हाई. ते पुसायच्या आधीच तिनं सुरू केलं.

"बीळ न्हाई म्हणलतास ना त्याला? तूच म्हणलतास ना रविवारी? मग ते मरणारच होतं की रे गाढवा! लोह्याला न्हाई तर विष्णुपुरीला. त्याला वाचवत बसलास, आन् आईला एक हॅलो म्हणायला अंगठा उचलंना? एवढा मोठा घोडा झालास, डॉक्टर व्हायला निघालास! उद्या पेशंट टेबलावर घेशील आन् म्हणशील थांबा, मुंगूस पळून राहिलंय? भ्या वाटलं तर फोन उचलून सांगायचं, आई, भ्या वाटून राहिलं. मलाबी वाटून राहिलं होतं! दोघांनी मिळून भ्यालो असतो. आन् त्या काकांना जाऊन सांग, माझा बाप खरा हाय, मी त्याची नक्कल परत केली तर माझं जेवण बंद करा. आन् ध्यानात ठेव, फोन वाजला की आधी उचलायचा. मुंगूस गेलं खड्ड्यात!"