दीपगृहातलं अस्वल मराठी बोलत नव्हतं

मंडळी, आज जेवताना घरच्यांनी मला खोटं पाडलं, म्हणून लिहिते आहे.

नातीला सांगत होते की तुझा बाबा लहान असताना टीव्हीवर एक इंग्रजी कार्टून लागायचं. त्यात दीपगृह सांभाळणारं चिडकं अस्वल होतं. तिने मोबाइलवर शोधलं आणि निकाल दिला, "आजी, नेटवर नाहीये. म्हणजे नव्हतंच."

मुलगा म्हणाला, "होतं गं. पण मराठीत होतं. आई, हल्ली तुझी गल्लत होते."

विलायती अस्वल मराठी कुठून बोलणार? तेव्हा आम्ही राहायचो त्या माणिकपूरच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी कळणारी मी एकटी. रविवारी शेजारची पोरं घरात दाटीवाटीने बसायची आणि मी पोळ्या लाटता लाटता एकेक वाक्य मराठीत सांगायचे. अस्वलाचा आवाजही मीच काढायचे.

आज परत काढून दाखवला, "मेल्या, आधी पाय पूस."

मुलाचा घास हातातच राहिला. म्हणाला, "हाच तो आवाज. बघ, म्हणजे तूही मराठीतच पाहिलंस."

मी ताट उचलून आत गेले.

बायांनो, तुमच्या मुलांनी तुमची कुठली मेहनत टीव्हीच्या नावावर लावली आहे?