लूपेचं दूध तोडलं

नेलीत हसत नाही, म्हणून गावात तिला गर्विष्ठ म्हणतात. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? माकडांच्या केंद्रात मी तिच्याबरोबर एकाच चुलीवर केळी उकडत आले आहे. ती कशी आहे ते मला माहीत आहे.

तिचं तान्हं मूल गेलं, त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं, आर्तिदोरोनं, एक लोकरी माकडीण मारून आणली. मेलेल्या आईच्या पाठीला पिल्लू घट्ट चिकटलेलं होतं. आईचं कालवण झालं आणि पिल्लू नेलीतच्या छातीशी आलं. दूध येतच होतं. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, पण त्या लिमाच्या, राजधानीतल्या.

पिल्लाचं नाव लूपे. ती चांगली मोठी झाल्यावर सरकारी माणसं येऊन तिला केंद्रात घेऊन गेली. तिथं तिनं अन्न सोडलं, तेव्हा त्यांनी नेलीतलाच कामाला बोलावलं. तिच्या मानेला शेपटी गुंडाळून बसली, की लूपे मुकाट्यानं खायची.

नदीचं पाणी उतरल्यावर लूपेला वरच्या जंगलात सोडायचं ठरलं. पण ती दिसेल त्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसायची.

"हिला असंच सोडलं तर पहिल्याच शिकाऱ्याच्या हंडीत जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाची भीती बसली तर जंगल. नाहीतर जन्मभर पिंजरा."

"बरं," नेलीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मानेला पिवळी मिरची चोळून आली. कातडी लालभडक झाली होती.

"हे काय गं?"

"मूल ऐकत नसेल तर छातीला मिरची लावून दूध तोडतात ना? तसं."

"अक्कल गहाण टाकलीस काय! तिनं दूध कधीच सोडलंय."

"दूध सोडलंय. मला नाही सोडलं."

लूपेनं मान चाटली. तोंड भाजलं तशी ती किंचाळली आणि नेलीतलाच आणखी घट्ट बिलगली. मार खाल्लेलं पोर आईच्याच कुशीत शिरतं, हे आम्हा दोघींनाही आधी सुचू नये! मी ओल्या फडक्यानं दोघींना पुसत बसले.

मग आर्तिदोरोला बोलावलं. त्यानं आवारात शिरून हवेत बार काढला. लूपे झाडावरून थेट नेलीतच्या मानेवर.

"मी आलो की ही तुझ्याकडेच पळणार," आर्तिदोरो म्हणाला.

"मग बंदूक मलाच दे."

"वेड लागलंय तुला!"

मीही तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, रागानं नाही, भांडं बाजूला ठेवावं तसा. नवऱ्याचा शिकारीचा, रक्ताचे डाग पडलेला शर्ट तिनं घातला आणि ती आवारात गेली. तिला बघून लूपे ओठ पुढे काढून, लाडात आवाज करत खाली उतरू लागली. नेलीतनं तिच्या डोक्यावरून बार काढला. लूपे थबकली, आणि पुन्हा उतरू लागली. दुसरा बार इतक्या जवळून गेला की पानं गळली. तेव्हा ती शेंड्यावर गेली आणि धोका दिसल्यासारखी ओरडली. मला त्या बंदुकीचा राग आला, डॉक्टरीणबाईंचाही आला. नेलीतला काय वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं नाही. रोज सकाळी तिनं तेच केलं, लूपे तिला बघताच पळू लागेपर्यंत.

सोडायच्या दिवशी नेलीत नेहमीच्या घागऱ्यात, रिकाम्या हातांनी होडीजवळ उभी होती. पेटीचं दार उघडलं. लूपेनं बाहेर येऊन सगळ्यांकडे पाहिलं, किंचाळली आणि झाडांत शिरली. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर नेलीतनं मला बसवून घेतलं, मासा भाजला, सोबत फारिन्या, कसाव्याचा भाजका रवा, वाढला. आर्तिदोरोनं काटे काढता काढता विचारलं,

"गेली?"

"गेली."

"लांबून तुला ओळखलं नसेल तिनं," तो हळूच म्हणाला.

"ओळखलं," नेलीत म्हणाली. "ओळखूनच पळाली."