हात सोडला की

अंबडच्या बाजारातला राजानंदचा फोटो स्टुडिओ सत्तावीस वर्षांचा. पण मागच्या लग्नसराईत त्याला सहाच लग्नं मिळाली आणि यंदा एकही नाही. लोकांना ड्रोनचं शूटिंग हवं होतं. शेवटी जुना कॅमेरा विकून त्यानं ड्रोन घेतला आणि पन्नाशीत तो उडवायला शिकू लागला.

त्याच्या ड्रोनच्या उडायच्या दोन तऱ्हा. ‘स्टेबल’वर हात सोडला तरी यंत्र हवेत जागच्या जागी उभं राहायचं. ‘मॅन्युअल’वर सगळी मदार हातावर, हात सुटला की ते जिकडं कललेलं असेल तिकडं निघालंच.

“अहो, हात बसेस्तोवर स्टेबलवरच राहू द्या,” बायको सुरेखा म्हणायची. “घाई न्हाई काही.”

घाई होती. आष्टीचा मच्छिंद्र लेकीच्या लग्नाचं बोलायला आला, मोबाइलवर नमुना पाहिला आणि म्हणाला, “राजाभाऊ, हे तर नुसतं लटकून राह्यलंय. आजकालच्या ड्रोनवाल्या पोरांचं बघा, घारीवानी गोता मारतंय!”

“गोता बी दाखवतो,” राजानंद बोलून गेला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! जेमतेम पंधरा दिवसांच्या सरावावर तो मॅन्युअल घेऊन आष्टीच्या मांडवात उभा राहिला.

डोळ्यांवर ड्रोनचा चष्मा. यंत्राला दिसेल तेच त्याला दिसणार. पहिला गोता झकास साधला. दुसऱ्यासाठी यंत्र मांडवाकडं वळवलं, तोच भंतेजींनी वंदना सुरू केली. आईच्या कडेवर असल्यापासूनची सवय, वंदना कानी पडली की राजानंदचे हात जुळायचे. आताही जुळले. रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळला. चष्म्यात मांडव सर्रकन मागं गेला, बाभळ समोर आली आणि अंधार झाला.

कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. वंदना संपल्यावर मच्छिंद्र जवळ आला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दुसरा कॅमेरा आणलाय ना, राजाभाऊ?” त्यानं हळूच विचारलं.

“न्हाई.”

बाकीचं लग्न पाहुण्यांनी मोबाइलवर काढलं.

घरी सुरेखानं मोडक्या यंत्रातलं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. शूटिंगच्या शेवटी, बाभळ यायच्या आधी, मांडवाच्या कडेला डोळे बांधल्यासारखा एक माणूस हात जोडून उभा दिसला. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची लग्नं काढणारा राजानंद पहिल्यांदाच कुणाच्या लग्नात दिसत होता.

“किती मनापासून जोडलेत हो हात,” सुरेखा म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. “बंद कर ते,” तो म्हणाला. “उद्या दुकानाची पाटी उतरवून घेऊ.”