साधं, देऊळ, मिक्सर

नातू व्हायचा होता म्हणून बायको पुण्याला मुलीकडे गेली, ती सहा महिन्यांसाठी. नातू आता घरभर पळतो आणि बायको अजून तिथेच आहे. माझी फॅक्टरीतली नोकरी थोडी उरली आहे, म्हणून जबलपूर सुटत नाही. अधारतालच्या घरात मी, कुकर आणि गिटार. कुकरशी माझं कधीच पटलं नाही. राहिली गिटार.

तीही नीट वाजेना. माझं पेडल म्हणजे जमिनीवर ठेवायची जड लोखंडी पेटी. गिटारचा आवाज तिच्यातून जातो आणि बदलून बाहेर पडतो. पायाने ती फक्त चालू-बंद होते. आवाज बदलायचा तर वाकून नॉब फिरवावा लागतो, आणि वाजवताना दोन्ही हात तारांवर. इतकी वर्षं हे काम बायको करायची. रविवारी सकाळी पेडलशेजारी पाट टाकून बसायची, पुढ्यात मटार घेऊन, आणि मी मान हलवली की नॉब फिरवायची. गाण्याबिण्याची तिला आवड नाही. आवाजांची इंग्रजी नावंही तिने कधी लक्षात ठेवली नाहीत, स्वतःचीच ठेवली. काहीच न मिसळलेला तो ‘साधं’, घुमणारा तो ‘देऊळ’ आणि खरखरणारा तो ‘मिक्सर’.

ती गेल्यावर माझी धून दर बदलाला तुटायला लागली. वाजवा, थांबा, वाका, गुडघ्याची कुरकुर ऐका, पुन्हा उभे राहा. एकदा तरी ती न तुटता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकट्याने वाजवायची, एवढंच मला हवं होतं. कोणावाचून माझं अडत नाही, हे स्वतःला दाखवायचं होतं म्हणा ना.

पेडलच्या पाठीला एक गोल सॉकेट आहे, मिडीचं. त्यातून तारेने नुसता आकडा पाठवला की पेडल त्या आकड्याचा आवाज लावतं, नॉबला हात न लावता. हे मला व्हिडिओ बघून कळलं. मग ठरवलं, आकडे पाठवणारी टचस्क्रीन आपणच तयार करायची. विजय नगरच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, “किस मोबाइल की, अंकलजी?” मी म्हटलं, “मोबाइल की नहीं भैया, गिटार की.” त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. “अच्छा,” म्हणाला, “ऑनलाइन मँगा लीजिए,” आणि चहा प्यायला लागला.

ऑनलाइन मागवली. तळहाताएवढी स्क्रीन आणि तिच्या पाठीला चिकटलेलं सर्किट. फॅक्टरीत माझा जन्म लोखंड मोजण्यात गेला, कोड कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. इकडून-तिकडून उतरवून घेत शिकलो. सोल्डर करताना सॉकेट मागच्या बाजूने पाहिलं आणि तारा डावीकडच्या उजवीकडे जोडल्या. स्क्रीन बिचारी आकडे पाठवत राहिली आणि पेडल ढिम्म. ते निस्तरलं तर पुढे अक्षरांनी छळलं. बटणांवर मला बायकोचेच शब्द हवे होते, आणि त्या स्क्रीनला मराठी येईना. ‘मिक्सर’ लिहिलं की वेलांटी ‘म’ला सोडून ‘क’च्या डोक्यावर जाऊन बसायची. इंग्रजीत लिहिलं असतं तर काम तिथेच आटोपलं असतं. पण मीही हट्टाला पेटलो. तिन्ही शब्द कागदावर हाताने लिहिले, त्यांचे फोटो घेतले आणि चित्रं म्हणून स्क्रीनवर चढवले.

प्रत्येक टप्पा झाला की फोटो काढून तिला पाठवायचो. तारांनी भरलेलं टेबल, उजळलेली स्क्रीन, चष्मा कपाळावर चढवून हसणारा मी. खाली लिहायचो, “एकदम मजेत.” ती अंगठा पाठवायची, कधी नातवाचा फोटो. त्या फोटोनंतर घर जरा जास्तच शांत वाटायचं, पण ते लिहायची आमच्यात पद्धत नाही.

शेवटी एका रविवारी स्क्रीन लाकडी खोक्यात बसवली. ‘देऊळ’ दाबलं आणि पेडलने खरंच देऊळ लावलं. मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. मग गिटार गळ्यात घातली, धून सुरू केली, पहिला बदल आला आणि मी थांबलो. दोन्ही हात तारांवर होते. बोटाने दाबायचं यंत्र मी केलं होतं आणि दाबायला बोट कुठे होतं? इतके महिने ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण डोक्यात सगळा वेळ तिचंच बोट होतं. बटणं मोठी केली होती ती तिला चष्म्याशिवाय दिसावीत म्हणून. खोकं तिरकं केलं होतं ते पाटावर बसणाऱ्याच्या सोयीने.

मी तिला फोन लावून सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली.

“काहून हो, इतके दिवस करून राहिले अन् हे समजलं नाही?”

“नाही समजलं.”

“मग पायाचं बटण लावून घ्या त्याला.”

“लावता येईल,” मी म्हटलं. मागे नातू काहीतरी आपटत होता. मग आजवर कधी न बोललेलं बोलून टाकलं. “मला पायाचं बटण नको. तू ये. मला इथे करमत नाही.”

 

“मागेच मुलगी म्हणत होती,” ती म्हणाली, “आई, तू जा आता बाबांकडे, आम्ही पाळणाघर पाहून घेतो. मीच नाही म्हटलं. तुमचे फोटो येऊन राहिले होते ना. म्हटलं, यांचं तर माझ्याशिवाय मस्त चालून राहिलं, मी जाऊन काय करू?”

“ते फोटो...” मी म्हटलं. “तिकीट काढू का?”

“थोडं आधी म्हणायचं होतं हो,” ती म्हणाली. “आता हा माझ्याशिवाय झोपत नाही.”