खोट्या विंडोजमधून खरी गाणी गेली

मित्रांनो, मोबाइलवरून घाईत लिहून राहिलो आहे.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि डिस्कच्या एका वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनवर, जुनं विंडोज. सारखं रीस्टार्ट करायचा कंटाळा, म्हणून आज तेच विंडोज लिनक्सच्या आत, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, चालवायला बसलो. आधी परवानगीची एरर आली, मग निळी स्क्रीन. दुपारी कसंबसं सुरू झालं. इतका खूश झालो की दवनीवाड्याहून आलेल्या आईला बोलावलं. ती सध्या कॉम्प्युटर शिकून राहिली आहे.

"हे खोटं विंडोज आहे आई. काहीही दाब, काही बिघडत नाही," असं सांगून मी चहा ठेवायला गेलो.

परत आलो तर आई हसत म्हणाली, "पाह्य गा, सारा कचरा झाडून टाकला. जिकडं तिकडं नुसते 'नवीन फोल्डर'! ते कचऱ्याचं टोपलंही रिकामं केलं."

खोटी फक्त मशीन होती. आतलं पार्टिशन खरं होतं! त्या 'नवीन फोल्डर'पैकीच एकात मावशीनं गायलेली, आमच्या पोवारी बोलीतली लग्नाची गाणी होती. मावशी, आईची पाठची बहीण, आता नाही. दुसरी कॉपीही नाही.

लॅपटॉप लगेच बंद केला. असं पुसलेलं कोणी परत आणलं असेल तर सांगा, आधी काय करू?

आणि आई समोर बसून विचारून राहिली आहे, "चेहरा काऊन असा केला गा? खोट्यातलंच गेलं ना?"

तिला काय सांगू?